जुने ग्राइंडर घरात आणताना



खरिपाची तयारी सुरू झाली की खेड्यापाड्यांत धारेचे काम वाढते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कडबाकुट्टीची पाती, सुतारांच्या पटाश्या, रंध्याची पाती असे सगळे एकदम बाहेर निघते. ईदुल अज्हा जवळ आली की त्यात सुऱ्यांची भर पडते. जनावराला त्रास कमी व्हावा म्हणून सुरी आधीच, त्याच्या नजरेआड, चांगली धारदार करून ठेवावी ही तर आपली शिकवणच आहे. पूर्वी हे काम शिकलगारांचे होते. सान घेऊन ते गावोगाव फिरत. आता ते क्वचित दिसतात, आणि म्हणून हाताला काम असलेल्या बऱ्याच घरांत आपले स्वतःचे ग्राइंडर असावे असे वाटू लागले आहे. नवे मशीन परवडत नाही, मग पाय भंगाराच्या दुकानाकडे वळतात.

लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या एका घरात असेच एक ग्राइंडर नुकतेच पुन्हा चालू झाले. अब्बा सुतारकाम करतात, मुलगा आयटीआयमधून फिटर होऊन आला आहे. नोकरी मिळेपर्यंत घरीच धार लावून चार पैसे हलाल कमवावेत, असा त्याचा विचार. वजनावर घेतलेले ते गंजके मशीन उघडून जोडेपर्यंत आम्ही सोबत होतो. त्यातून जे सांगण्यासारखे आहे ते या महिन्याच्या पानात देत आहोत.

आधी मशीनची ओळख

जुन्या मशीनवर रंगाचे तीन-चार थर चढलेले असतात आणि नेमप्लेट त्यांच्याखाली गाडलेली असते. ती पॉलिश पेपरने घासू नका, अक्षरेच निघून जातील. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने हळूहळू पुसा. ठोकून उमटवलेली अक्षरे असतील तर त्यावर पांढरा खडू आडवा फिरवा, ती वाचता येतात. सुलतानपूरच्या मशीनवर अशीच अक्षरे उमटली: 150 मिमी, अर्धा एचपी, 230 व्होल्ट, 1 फेज, 2800 आरपीएम.

यातला प्रत्येक आकडा कामाचा आहे. 150 मिमी म्हणजे सहा इंची दगड, 200 मिमी म्हणजे आठ इंची. घरकामाला सहा इंची पुरतो. 2800 च्या आसपास आकडा असेल तर मोटार दोन पोलची, 1400 च्या आसपास असेल तर चार पोलची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे हे दोनच वेग बहुतेक वेळा सापडतात. पातळ पात्यांना हळू फिरणारे मशीन बरे, कारण पाते कमी तापते.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा फेजचा. कारखान्यातून निघालेली पुष्कळ ग्राइंडरे 415 व्होल्टची, थ्री फेजवर चालणारी असतात. ती मजबूत असतात आणि स्वस्त मिळतात, पण घरातल्या सिंगल फेजवर चालत नाहीत. शेतीपंपाच्या लाइनवर ती चालवण्याचा मोह कोणी करू नये. ती वीज पंपासाठी दिलेली आहे. नेमप्लेट नसेल तर नुसत्या वायरी मोजून खात्री होत नाही, कारण अर्थिंगची वायर कोणीतरी कापून टाकलेली असते. अशा वेळी मोटार वायंडिंग करणाऱ्याला टर्मिनल उघडून दाखवा आणि मगच पैसे द्या.

दुकानातच हाताने शाफ्ट फिरवून बघा. खरखर आली तर बेअरिंग गेले आहे, ते बदलता येते. शाफ्ट वाकलेला असेल, किंवा दगडावरची लोखंडी झाकणे, म्हणजे गार्ड, नसतील, तर ते मशीन सोडून द्या. घासाघीस करण्याआधी मनात बेरीज करा: बेअरिंगची जोडी, कॅपॅसिटर, अर्थिंगसह तीन पिनी वायर, दोन नवे दगड आणि डोळ्यांचा चष्मा. ही रक्कम मिळवून मशीन नव्याच्या जवळ जात असेल तर नवेच घ्यावे.

उघडताना आणि जोडताना

पहिली अडचण नटाची येते. मशीनसमोर उभे राहिल्यावर उजव्या हाताचा नट नेहमीसारखा सुटतो, पण डाव्या हाताच्या नटाचे आटे उलटे असतात. दगड फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे, दगड ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने नट फिरवला की दोन्हीकडचे नट सुटतात. हे माहीत नसल्यामुळे डावा नट हातोड्याने ठोकून आटे खराब केलेली किती तरी मशीने भंगारात पडलेली असतात.

दोन्ही बाजूंची झाकणे काढण्याआधी बॉडीवर आणि झाकणावर मार्करने खुणा करा, म्हणजे परत तशीच बसतील. कॅपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायला हवा. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज राहू शकते. हे काम वायंडिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो किंवा बेअरिंग जाम झालेले असते. दर वेळी वायंडिंग जळालेले नसते. वायंडिंगवाल्याकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. निदान 1 मेगाओम तरी यायला हवे.

बेअरिंगचा नंबर त्याच्याच कड्यावर कोरलेला असतो. 6202 ला 15 मिमी शाफ्ट लागतो, 6203 ला 17 मिमी आणि 6204 ला 20 मिमी. दोन्ही बाजूंनी पत्र्याने किंवा रबराने बंद असलेले बेअरिंग मागा, म्हणजे दगडाची भुकटी आत जात नाही. बसवताना आतल्या कड्यावर टेकेल असा पाइपाचा तुकडा घेऊन ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर नवे बेअरिंगही लगेच आवाज करू लागते.

गंज तारेच्या ब्रशने काढून रंग द्या. फक्त नेमप्लेट आणि हवेची छिद्रे रंगवू नका. सगळे जोडून झाले की दगड न लावता मशीन पंधरा मिनिटे चालवा. आवाज एकसारखा आहे का, बॉडी फार तापते का, हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, ते टेस्टर घेऊन बघा. सुलतानपूरचे मशीन इथपर्यंत छान उतरले.

खरा प्रश्न दगडाचा

मशीनसोबत दोन दगड आले होते आणि दोन्ही अर्ध्याहून अधिक शिल्लक होते. अब्बांनी ते पुसून ठेवले होते. “इतका भरलेला दगड टाकायचा कशाला? नवे दोन आणायचे म्हणजे मशीनच्याच किमतीला जातील,” असे त्यांचे म्हणणे. मुलगा आमच्याकडे बघू लागला.

आम्ही त्याला कारखान्यात करतात ती साधी तपासणी करायला सांगितली. कोरडा दगड भोकात बोट घालून लटकता धरायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ दोन-चार ठिकाणी हलकेच ठोकायचे. शाबूत दगड भांड्यासारखा खणखणतो. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो, मग वरून तो कितीही गुळगुळीत दिसो. पहिला दगड बद्द वाजला. दुसरा खणखणीत वाजला.

“चला, एक तरी वाचला,” अब्बा म्हणाले. पण त्या दुसऱ्या दगडावरचा कागदी शिक्का निघून गेलेला होता. तो जास्तीत जास्त किती आरपीएमला चालतो हे कळायला मार्ग नव्हता. तेलात पडला होता की पाण्यात, कोणाच्या हातून आपटला होता, हेही नाही. मुलगा शांतपणे म्हणाला, “अब्बा, हाही नको.”

आम्हाला त्याचे म्हणणे पटले. कारण सांगतो. 2800 आरपीएमला सहा इंची दगडाची कड ताशी सुमारे 79 किलोमीटर वेगाने धावते, आठ इंची दगडाची ताशी सुमारे 105. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारी ज्या वेगाने पळतात, जवळपास तोच हा वेग, आणि तोंड हातभर अंतरावर. त्या वेगात दगड फुटला तर तुकडे अंगणात खेळणाऱ्या लेकरापर्यंतही जाऊ शकतात. लोखंडाला वय असले तरी ते दुरुस्त होते. दगडाला दुरुस्ती नाही. म्हणून मशीन जुने चालेल, दगड नवाच हवा.

नवा दगड मागताना व्यास, जाडी, भोकाचे माप आणि मशीनचे आरपीएम, चारही गोष्टी सांगा. दगडावरचा आरपीएम मशीनपेक्षा जास्तच असला पाहिजे. शिक्क्यावर ‘ए 60 के 5 व्ही’ अशा अर्थाच्या खुणा असतात. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, हा लोखंड-पोलादासाठी. ‘सी’ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हिरवा दगड याच जातीचा, तो कार्बाइडच्या हत्यारांसाठी, विळ्या-सुरीसाठी नव्हे. 60 हा दाण्याचा आकडा. 36 चा दगड भरड, 80 चा बारीक. ‘के’ म्हणजे दगडाची पकड किती घट्ट ते, 5 म्हणजे दाण्यांची दाटी, आणि ‘व्ही’ म्हणजे भट्टीत भाजून बांधलेला. असे दगड आपल्या महाराष्ट्रातच 1941 पासून बनत आहेत. ग्राइंडवेलची सुरुवात उरणजवळच्या मोरा येथे झाली होती.

भोक लहान पडले म्हणून कानशीने मोठे करू नका, मोठे पडले तर योग्य बुश घाला. दगड आणि लोखंडी चकती यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चकती हवीच. हत्यार टेकवायची पट्टी दगडापासून 3 मिमीपेक्षा लांब नको, वरच्या गार्डची जीभ 6 मिमीपेक्षा लांब नको. दगड झिजेल तशी ही अंतरे पुन्हा जुळवायची. नवा दगड लावल्यावर बाजूला उभे राहून एक मिनिट मोकळा फिरवायचा आणि मगच कामाला लावायचा.

घरातली शिस्त

चष्म्याशिवाय बटण दाबायचे नाही. ओढणी, सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि हातमोजे मशीनजवळ नकोत. यातले काहीही दगडात ओढले जाऊ शकते. आपल्या घरांत कापूस आणि कडबा साठवलेला असतो, ठिणगी तिथे पोहोचणार नाही अशी जागा निवडा. पाते दगडावर दाबून धरू नका, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवा. पात्याची कड निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी उतरले, ती धार टिकणार नाही. ॲल्युमिनियम, पितळ, तांबे या दगडावर घासू नका. दगड भरून बसतो आणि तापतो. दगडाच्या सपाट बाजूवर जोर देऊन घासणेही टाळा.

त्या दोन जुन्या दगडांचे काय करायचे, हा प्रश्न अम्मींनी विचारला. भंगारवाल्याला परत दिले असते तर थोडे पैसे सुटले असते. पण परत दिलेला दगड पुन्हा कोणाच्या तरी मशीनवर चढतो, आणि त्या माणसाला तो बद्द आवाज कोणी ऐकवलेला नसतो. माल विकताना त्यातला दोष सांगावा, हा आपल्याकडे व्यवहाराचा पहिला नियम आहे. मुलाने दोन्ही दगड गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडले आणि तुकडे खड्ड्यात पुरले. नव्या दगडांचे पैसे अब्बांनी एका कपाटाच्या मजुरीतून दिले.

आता शेजारच्या घरांतून विळे येऊ लागले आहेत. मशीनच्या वर भिंतीवर चष्मा टांगलेला आहे, आणि त्याशेजारी मुलाने खडूने दगडाचे आरपीएम आणि दगड बदलल्याची तारीख लिहून ठेवली आहे. ज्यांच्या घरी ग्राइंडर आहे त्यांनीही आजच तेवढे लिहून ठेवावे. अल्लाह सर्वांच्या हातांच्या कमाईत बरकत देवो.