वायर लावली का?

वर्गात प्लग-इन हायब्रीड गाडीचा विषय निघाला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, ॲव्हरेज किती देते?" मी त्यांना सिएटलची गोष्ट सांगतो.

2008 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल परिसरातील सरकारी संस्थांनी आपल्या ताफ्यातल्या काही टोयोटा प्रियस बदलून घेतल्या. मूळ बॅटरी तशीच ठेवून डिकीत 5 किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी बसवली. ती साध्या सॉकेटवर साडेपाच तासांत चार्ज व्हायची. गाडीत नोंदी ठेवणारे यंत्र होते आणि आकडे ऊर्जा खात्याच्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासले जात.

अपेक्षा होती गॅलनला 100 मैल, म्हणजे लिटरला साधारण 42 किलोमीटर. सुरुवातीच्या महिन्यांत हाती आले जेमतेम निम्मे.

बॅटरीचा दोष फारसा नव्हता. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन चालू व्हायचे. शिवाय गाडी उभी केल्यावर वायर लावायची राहून जायची. मग चार्ज संपलेली जड बॅटरी नुसती वाहून न्यायची! तरीही हे पडेल आकडे लपवले गेले नाहीत, याचे मला कौतुक वाटते. कंपनीच्या जाहिरातीत ते कधी दिसले नसते.

घरचा मोबाईल आपण रात्री न चुकता चार्जिंगला लावतो. ऑफिसची गाडी सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलेच, "सर, मग वायर लावायची कोणी?"