माझे भांडण मोबाईलशी नव्हे

‘मोबाईलने सिनेमा मारला हो!’ असा गळा शहरातली मंडळी काढतात, तेव्हा मला हसू येते. मी अवसरी बुद्रुकचा. आम्हां खेडुतांना पडदा दिसे तो जत्रेत, टूरिंग टॉकीजच्या तंबूत. एरवी वर्ष कोरडेच. आता रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र आणि थिएटर एकाच खिशात आले. कांद्याच्या बराखीपाशी बसूनही चित्रपट दिसतो. यात रडण्यासारखे काय आहे?

रडायचे तर निराळ्याच गोष्टीसाठी. २०१६ साल आठवा. एप्रिलात ‘सैराट’ आला आणि माणसे टेम्पो भरभरून थिएटरांकडे धावली, पडद्यापुढे नाचली. मे महिन्यात आपल्या तंबूवाल्यांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट कान महोत्सवात झळकला. सप्टेंबरात जिओचे फुकट इंटरनेट आले. पाच वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांचा, व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवलेला ‘द डिसायपल’ आपल्याकडे थेट नेटफ्लिक्सवरच उतरला.

चित्रपट घरी आला खरा. पण घर कुठे एकत्र बसले? सून एका कोपऱ्यात, नातू दुसऱ्या. पुढे काय पाहायचे ते यंत्र सुचवते. प्रेक्षक कुठे थांबला, हे निर्मात्याला आकडे सांगतात. हशा मात्र त्याच्या कानी पडत नाही.

निर्मातेहो, प्रेक्षक तिकिटाने घडत नाही, शेजाऱ्याच्या हसण्याने घडतो! तुमचे चित्रपट गावोगावच्या देवळांपुढे दाखवायला द्या. पडदा आम्ही बांधू; वाजवी भाडेही देऊ. चित्रपट तुमचा, फराळ आमचा!