तारापूर पाहायला जायचे तर



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना रात्रंदिवस वीज लागते, आणि आपल्या मोटारीला लाईट येते ती बऱ्याचदा रात्रीची. बिबट्याच्या धास्तीत उसाला पाणी देणारा माणूस वीज कशापासून झाली हे विचारीत बसत नाही. तरीपण अणुवीज म्हटले की एक जण म्हणतो बॉम्बच तो, दुसरा म्हणतो अडाण्यांची भीती. केंद्र दोघांनीही पाहिलेले नसते.

पाहता येते. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन विद्यार्थ्यांना, पत्रकारांना, गावकऱ्यांना परवानगीने केंद्र दाखवते. आपल्या राज्यात तारापूर आहे. पहिले दोन संच १९६९ सालचे. ५४० मेगावॅटचे आणखी दोन २००५ व २००६ मध्ये सुरू झाले. आपल्या सभासदाने तेथे बुजायचे कारण नाही. इथे बगॅस जळतो, तिथे युरेनियमचा अणू फुटतो. पुढे वाफ, टर्बाइन, जनित्र सगळे ओळखीचे. फरक राखेत आहे. आपली राख उकिरड्यात जाते, तिथला किरणोत्सारी कचरा काचेत बंद करून पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागतो.

पण पाहुण्याला दाखवायचे तेवढेच दाखवतात, हेही खरे. कारखाना बघायला आलेला पाहुणा साखर तोंडात टाकून जातो. काट्यावर उभा राहणारा सभासद वजन विचारतो. तारापूरला काट्यावरच्या सभासदासारखे जावे. समुद्रात परत सोडलेले पाणी किती गरम? कामगाराच्या अंगावर किरण मोजणारा बिल्ला असतो, त्याची नोंद काय सांगते? २०११ च्या फुकुशिमानंतर येथे काय बदलले? सरळ उत्तर मिळाले तर चांगलेच, टोलवाटोलवी झाली तर तीही वहीत लिहून आणावी.

त्याच २०११ साली जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात गोळीबार होऊन एक मच्छीमार गेला. तो विरोध अज्ञानाचा, असे म्हणणे सोपे आहे. पण चारच महिन्यांनी आपल्या मावळात पवनेच्या जलवाहिनीवरून गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाइप फुटेल म्हणून काही कोणी रस्त्यावर आले नव्हते! प्रश्न पाण्याचा, जमिनीचा आणि दिलेल्या शब्दाचा होता. कोकणातही तो होताच. नुसती टर्बाइन दाखवून तो कसा मिटेल?

तेव्हा तारापूरला गेलात तर पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनाही भेटा. ३ व ४ नंबरच्या संचांसाठी ही गावे उठवली गेली, पुनर्वसनासाठी हायकोर्टापर्यंत जावे लागले. केंद्राच्या गाडीतून ती फेरी होणार नाही. आपली जीप करून जावे लागेल.