तोंडावरचे वांग आणि दुकानातली मलमे



उसाच्या भावाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज अड्याळ भागातल्या बायांच्या तोंडावरच्या वांगाबद्दल लिहितो. कोणी म्हणेल, हा काय विषय झाला? पण धानाची रोवणी असो की उसातले निंदण, उन्हात दिवसभर वाकते ती बाईच.

वांग घाणीने होत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी उन्हाने जास्त रंग तयार करतात. गरोदरपणात, किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनीही गालावर-कपाळावर डाग उठतात. घराण्यात असले तर अधिकच. पुरुषांनाही होते, ते बोलत नाहीत इतकेच.

माझा राग आहे तो मलमांवर. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असते. पंधरा दिवस तोंड उजळते, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतात. बंद केले की डाग पुन्हा हजर! २०२३ च्या आरंभी अकोल्याच्या एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी आली; त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. गोरेपणाची ही किंमत?

उपचार आहे, पण सबुरीचा. ऊन टाळणे, डोके-तोंड झाकणे, सनस्क्रीन, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीचे औषध. महिने लागतात, अन् ऊन लागले की वांग परत येते.

म्हणून माझी सूचना अशी की, निंदणाचे काम सकाळी लवकर उरकावे, दुपारी बायांना सावलीत बसू द्यावे आणि त्या वेळेची मजुरी कापू नये.