हाडाची गाठ : चोळू नका, विसरू नका

मैत्रिणींनो, मुलाला न्हाऊ घालताना गुडघ्याच्या जरा वर काही टणक हाताला लागले, तर आपल्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर! आणि शेजारच्या मावशी म्हणतात, "काही नाही गं, पडला असेल कुठे. तेल लावून चोळ चार दिवस." एकीला घाबरण्याची घाई, तर दुसरीला विसरण्याची. आज या दोन्हींमधली वाट पाहू या.

आधी दिलाशाची गोष्ट. मुलांच्या हाडात होणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. त्या शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. त्यातली नेहमी आढळणारी म्हणजे ऑस्टिओकाँड्रोमा. हाड जिथून वाढते, त्या टोकाजवळ हाडाचाच एक कोंब बाहेर येतो आणि त्यावर कूर्चेची टोपी असते. गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ ही गाठ लागते. दगडासारखी घट्ट, न हलणारी आणि बहुधा न दुखणारी. मूल वाढते तशी ती वाढते. उंची वाढायची थांबली की तीही थांबते. त्रास नसेल तर काढावी लागत नाही. शीर दबली, हाड वाकडे होऊ लागले किंवा धावताना खुपू लागली, तर शस्त्रक्रिया करतात. अशी एकच गाठ असेल, तर तिचा पुढे कॅन्सर होण्याचा धोका शंभरात एखाद्यालाच, तोही बहुधा मोठेपणी. मात्र अंगावर अशा अनेक गाठी असतील, तर तो प्रकार बहुधा आनुवंशिक असतो. मग भावंडांनाही दाखवून घ्यावे.

दुसरा प्रकार पाण्याने भरलेल्या पोकळीचा. ती बहुधा दंडाच्या वरच्या भागात असते आणि पोर साधेसे पडून हात मोडला, की एक्स-रेत प्रथम दिसते. मोडलेले हाड प्लास्टरने जुळते. पोकळी भरण्यासाठी कधी इंजेक्शन देतात, कधी ती खरवडून हाडाचा चुरा भरतात. तिसरी गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. दिसायला एवढीशी, पण रात्री पोराला रडवते! सूज उतरवणाऱ्या गोळीने ही दुखणी थांबतात, म्हणून डॉक्टरांना तसे जरूर सांगा. पण आपल्या मनाने मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. आता सुईतून उष्णता देऊन ही गाठ जाळता येते.

मग चोळायचे का नाही? एक तर चोळून हाड विरघळत नाही. पोकळीमुळे हाड पातळ झाले असेल, तर ते मोडू शकते. आणि मुख्य म्हणजे, हाडाचा खरा कॅन्सरही याच वयात, याच गुडघ्याजवळ होतो. दोन्हींतला फरक हाताला कळत नाही, त्याला एक्स-रेच हवा. बिब्बा घातला, डाग दिला, तर कातडी भाजते आणि महिने वाया जातात.

साध्या गाठीवर डॉक्टर पुष्कळदा एवढेच सांगतात, "सहा महिन्यांनी आणा." आपल्याला वाटते, काही उपचारच केला नाही! पण बाई, वाट पाहणे हाच इथला उपचार असतो, आणि तो तारखेवर चालतो. आपल्या बीड जिल्ह्यात ही तारीखच हुकते. दसरा-दिवाळीला कोयते ऊसतोडीला निघतात, आणि पट्टा पडल्यावर पाडव्याच्या पुढेमागे परत येतात. पोर कोपीवर तरी असते, नाही तर गावात आजीजवळ. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, "आम्ही बाहेर असतो. एक तारीख दसऱ्याच्या आधीची द्या, एक पाडव्यानंतरची." मूल आजीपाशी राहणार असेल, तर गाठ कुठे आहे ते आजीच्या हाताला दाखवून जा.

दर महिन्याला शिवणाच्या टेपने दोन्ही पाय एकाच जागी मोजा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एक्स-रेची फिल्म घडी न घालता पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी ठेवा. मोबाइलवर तिचा फोटोही काढून ठेवा. जुनी फिल्म समोर असली, की वाढ किती झाली हे डॉक्टरांना लगेच कळते.

तारखेची वाट न पाहता केव्हा जायचे? गाठ भराभर वाढली, गरम लागली, विसावा घेऊनही दुखू लागली, रात्री झोपमोड होऊ लागली, मूल लंगडू लागले, ताप येऊ लागला किंवा वजन घटले तर. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. कॅन्सरचा संशय आला आणि तुकडा काढून तपासायचे ठरले, तर तो तुकडा जिथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची तिथेच काढलेला बरा. चुकीच्या जागी छेद घेतला, तर पुढे पाय वाचवणे अवघड होते. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून याच आजारासाठी आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून एक शेवटची विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून, शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्या दिवशी तुमचे मूल कोपीवर असले, तर तपासणी हुकली म्हणून समजा. तेव्हा गाठीची गोष्ट बाईंच्या कानावर घाला. खेळाच्या तासाला कोण लंगडते, कोण हळूच बाजूला बसते, हे आम्हाला दिसते. पण का, ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.