पालकांची खुर्ची

मनोविकाराने ग्रासलेल्या मुलाचे बोट धरून रुग्णालयाची पायरी चढणारी आई तेथील दफ्तरात बहुधा एकाच शब्दाने नोंदली जाते : नातेवाईक. माझ्या परिचयातील एका मातेने आपल्या मुलाची निद्रा, आहार, औषधाची मात्रा, कोणत्या आवाजाने तो बिथरतो आणि कोणत्या स्पर्शाने निवतो, हे सारे सहा वर्षे एका जाड वहीत टिपून ठेवले आहे; परंतु शाळेचे मुख्याध्यापक, तपासणारे डॉक्टर आणि दाखला देणारे अंमलदार यांपैकी एकानेही ती वही कधी मागून घेतली नाही, याचा सल माझ्या मनातून जात नाही. ज्याच्यापाशी प्रत्यक्ष अनुभवाचे ज्ञान आहे, त्यालाच निर्णयाच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसवायचे, हा शिरस्ता आता मोडला पाहिजे.

वस्तुतः याहून निराळा मार्ग या देशात फार पूर्वीच दाखवला गेला होता. मनोरुग्णाला कुलपाआड ठेवणे हीच जेव्हा व्यवस्था समजली जाई, त्या १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यांच्यासोबत राहावयास जागा दिली. आणि उपचार डोळ्यांनी पाहिलेली ती माणसे आपला रुग्ण घरी नेताना भीती मागे ठेवून गेली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीन रुग्ण दाखल असेतो पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहावे, असे ८७व्या कलमात लिहिले, तेव्हा मला त्या तंबूंचेच स्मरण झाले.

पालक एकत्र आले म्हणजे काय घडते, याचा दाखलाही जवळच आहे. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता, मात्र एका मातेच्या पुढाकाराने १९९१ साली दिल्लीत सुरू झालेल्या 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम'सारख्या संस्था आणि गावोगावचे पालकसंघ "आमच्या माघारी याचं कसं होणार?" हा प्रश्न सरकारदरबारी विचारत राहिले, आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेला नावानिशी स्थान मिळाले.

आज लढा खुर्चीचा आहे. २०१७च्या कायद्यानुसार रुग्णांच्या हक्कांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावर सहा सदस्य असतात, आणि त्यांतील दोन जागा रुग्ण, किंवा त्यांची शुश्रूषा करणारे, किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. हे 'किंवा' मला फार खटकते, कारण त्याच्या आडून दोन्ही जागा नामांकित संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना देता येतात आणि कायद्याचे पालनही झाल्यासारखे दिसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मनोविकार असल्याचे आढळले. अशा मुलांच्या पालकांपैकी निदान एकजण प्रत्येक मंडळावर असावा, अशी मागणी जिल्ह्याजिल्ह्यातील पालकांनी लेखी केली पाहिजे, आणि शासनाने तसा नियम केला पाहिजे.

पालकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाची कैफियत मांडता मांडता त्याचा आवाजच आपण झाकून टाकत नाही ना, हे पाहावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क हाच कायदा त्याला देतो, आणि त्या दिवसाची तयारी बाराव्या-तेराव्या वर्षापासूनच, त्याला शेजारी बसवून, झालेली बरी.

मात्र खुर्ची देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ज्या आईने जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला यावे अशी अपेक्षा आहे, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पदरचे जाते, आणि घरी मुलाजवळ बसायला बहुधा दुसरे कोणी नसते. म्हणून नियुक्तीच्या हुकुमातच प्रवासखर्चाची, बुडालेल्या मजुरीची आणि त्या दिवसापुरत्या मदतनिसाची तजवीज असली पाहिजे.