धडक त्याची, बोनस माझा

दिवाळीत गावी गेलो होतो. भंडारा-साकोली रस्त्यावर, लाखनीच्या अलीकडे, पुढे धानाने भरलेली ट्रॉली वळत होती म्हणून थांबलो, तर मागून एका पिकअपने ठोकलं. कोणाला लागलं नाही. बंपर, डिकी आणि एक टेललॅम्प गेला. चूक कोणाची यावर वाद नव्हताच. पिकअपवाला ५,००० रुपये काढून म्हणाला, "भाऊ, इथंच मिटवून टाका ना. कंपनीच्या भानगडीत काहून पडता?"

मी पैसे घेतले नाहीत. त्याच्या गाडीचे, लायसन्सचे आणि पॉलिसीचे फोटो काढले. पण त्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, म्हणून एक्सेल उघडलं (सवय!).

गॅरेजचं एस्टिमेट १८,०००. माझ्याच पॉलिसीवर क्लेम केला तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५०% घसारा आणि वर १,००० माझ्या खिशातून, म्हणजे हातात साधारण १३,०००. आता दुसरी बाजू. समजा गाडीच्या नुकसानीचा हप्ता १२,००० आहे आणि नो क्लेम बोनसची ५०% सूट धरून मी ६,००० भरतो. एक क्लेम केला की सूट शून्य. मग दर वर्षी २०, २५, ३५, ४५ अशी चढत पुन्हा ५० वर. हप्ता तोच धरला तर तेवढ्या काळात जादा जातात ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६००, म्हणजे १५,०००.

१३ मिळवायला १५ घालवायचे. आणि गंमत बघा, पिकअपवाल्याने स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केला नाही, तर त्याचा बोनस पुढच्या वर्षी वाढणार! कारण या बोनसचं नाव 'नो क्लेम' आहे, 'नो फॉल्ट' नाही. आमच्या भाषेत, बग नव्हे, फीचर.

मग त्याच्या कंपनीकडून घ्या की, असं कोणीही म्हणेल. थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, तो अशाच नुकसानीसाठी. मी फोन केला. त्यांनी आधी माझा पॉलिसी नंबर विचारला, मग "सर, आपण आमचे ग्राहक नाही". तिथे रीतसर दार म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरण. दावा भंडाऱ्यालाच लावायला हवा असं नाही, आपण राहतो तिथेही लावता येतो. पण १८,००० साठी वकील, पोलिसांचे कागद आणि तारखा कोण करणार? हे कंपनीलाही माहीत असतं.

(कोणाला लागलं असेल तर हा सगळा हिशोब फाडून टाका. तिथे रस्त्यावर मांडवली अजिबात करू नका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल द्यायचा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्याची प्रत मागा आणि प्राधिकरणातच जा.)

कंपन्या म्हणतात, क्लेम करणारा पुन्हा क्लेम करण्याची शक्यता जास्त. असेलही. पण उभ्या गाडीला मागून धडक बसली, यावरून माझ्या ड्रायव्हिंगबद्दल काय कळतं? माझ्या कंपनीने मला पैसे द्यावेत, समोरच्या कंपनीकडून वसूल करावेत आणि माझा बोनस जागेवर ठेवावा. ब्रिटनमध्ये पूर्ण वसुली झाली तर सहसा असंच होतं. आपल्याकडे दोन कंपन्यांनी एकमेकींना त्रास न देण्यातच दोघींची सोय आहे, आणि बिल तिसऱ्याचं.

तसा उपाय आहे म्हणा. बोनस प्रोटेक्शन नावाचा अॅड-ऑन मिळतो. दुसऱ्याने मला ठोकलं तरी माझी सूट वाचावी, म्हणून त्याचा हप्ता दर वर्षी मीच भरायचा.